शुद्धिपत्र

शेंगदाणे आणायला गेलेला माणूस शेंगदाणे दुकानातच विसरून नुसता पुडीचा कागद घेऊन घरी येतो, हे मी रत्नागिरीत पहिल्यांदा पाहिलं. हा माणूस म्हणजे आमचे घरमालक. जन्मभर सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले होते, म्हणून सगळी आळी त्यांना मोजणीदार म्हणायची. नाक्यावरच्या वाण्याने पुडी बांधायला रद्दीचा कागद उचलला की मोजणीदार त्याचं मनगट धरायचे. आधी कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा आणि मगच पुडी बांधू द्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

‘‘अहो मोजणीदार, मागं गिऱ्हाइकं खोळंबलीत,’’ वाणी काकुळतीला यायचा.

‘‘खोळंबू देत. एक माणूस मरून इतकी वर्षं खोळंबलाय, त्याचं कुणाला काही आहे?’’

हा मरून खोळंबलेला माणूस म्हणजे एक कथालेखक. दाभोळच्या खाडीकाठच्या एका खेड्यात तो शाळामास्तर होता. स्वातंत्र्याच्या आधी पुण्या-मुंबईच्या मासिकांतून त्याने बऱ्याच गोष्टी लिहिल्या आणि पुस्तक निघायच्या आत चाळिशीतच तो वारला. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे मागे नाव लावायला कोणी नाही. त्याच्या गोष्टी ज्या मासिकांत आल्या ती मासिकंही एकेक करून बंद पडली होती. लोक त्याला साफ विसरले होते. त्या सगळ्या गोष्टी हुडकून त्यांचं एक पुस्तक करायचं, हे मोजणीदारांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलं होतं. अंगावर घेतलं म्हणण्यापेक्षा ते त्यांच्या अंगात आलं होतं, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

मी सातारा भागातला. ब्याऐंशी साली बँकेतल्या बदलीने रत्नागिरीत आलो आणि खोली शोधत त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. घरमालक साधारणपणे विचारतात ते काहीही त्यांनी विचारलं नाही. माझ्यापुढे कागद ठेवला, हातात टाक दिला आणि शुद्धलेखन घातलं. मी ‘उज्ज्वल’मधला एक ज खाल्ला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘घाटावर ज ची टंचाई आहे वाटतं?’’

पण अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणून खोली मिळाली. अक्षराचा आणि खोलीचा काय संबंध ते पुढल्या रविवारी कळलं. जुन्या मासिकांचे बांधीव खंड कोणतंही वाचनालय घरी नेऊ देत नसे आणि फोटो काढून देणारं यंत्र तेव्हा आमच्या भागात कोणाकडे नव्हतं. गोष्ट सापडली की तिथेच बसून उतरवून घ्यायची. मोजणीदारांचं स्वतःचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. मी भाडेकरू नव्हतो, मी लेखनिक होतो. भाडं वर देत होतो एवढंच. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘‘सातारकर, चला,’’ म्हणायचे आणि मी मुकाट्याने शाईची बाटली पिशवीत टाकायचो.

त्यांच्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी त्या लेखकाचा एक फोटो टांगलेला होता. उभट चेहरा, भरघोस मिशा, डोक्याला टोपी. आल्यागेल्याला वाटायचं, मोजणीदारांचे वडीलच. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्याने फोटोला हात जोडून विचारलं, ‘‘वडील का?’’

‘‘नाही. लेखक.’’

‘‘असं, असं. कुणाच्या बाजूचे?’’

काकूंनी, म्हणजे मोजणीदारांच्या बायकोने, आतून खोकल्यासारखं काहीतरी केलं. काकू त्या फोटोला सवत म्हणायच्या. ‘‘लोकांच्या नशिबी जिवंत सवत येते, तिच्याशी भांडता तरी येतं. माझ्या नशिबी आली ती मिशीवाली, आणि वर मेलेली. हिच्याशी भांडू कशी मी?’’ पण रोज फोटोची धूळ त्याच पुसायच्या. मोजणीदारांना हात पुरत नसे म्हणून, असं त्या सांगत.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी एका गावात मोजणीला गेले असताना शाळेच्या पडवीत मुक्काम होता. करायला काही नाही म्हणून कोपऱ्यातलं एक फाटकं मासिक उचललं. त्यात या लेखकाची गोष्ट होती. गडग्यावरून, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणावरून, जन्मभर भांडलेल्या दोन चुलतभावांची. ‘‘सातारकर, तोवर मला वाटायचं, गोष्टी म्हणजे पुण्यात घडतात. दिवाणखान्यात. गोष्टीतली माणसं चहात साखर किती ते विचारतात. आणि इथं आपला जांभा दगड छापलेला! आपला गडगा, आपली भांडणं. मी दिवसभर जी माणसं शिव्या देताना ऐकून आलो होतो, तीच माणसं. मला रडूच आलं बघ.’’ एवढं बोलून ते लगेच उठले आणि माडाला पाणी घालायला गेले. वास्तविक ते काम सकाळीच झालेलं होतं.

ते कधी सरळ चालत नसत, मोजत चालत. वाचनालयात शिरले की आधी खोलीची लांबीरुंदी पावलांनी काढायचे. गोष्टींनाही त्यांनी जमिनीचेच नियम लावले होते. त्यातला पहिला नियम असा की छापलेल्या मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. हद्दीचा दगड बोटभर हलवला की पुढल्या चार पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

या नियमापायी आमची एक मोठी लढाई झाली. एका गोष्टीत नायिका नवऱ्याशी भांडून बाहेर येते आणि गडग्यावर बसून रडते. पुण्याच्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला गडगा कुठला माहीत असायला! त्याने आपल्या अकलेने छापलं होतं, ‘ती गाडग्यावर बसून रडू लागली.’

‘‘काका, इथे गडग्यावर करतो,’’ मी म्हटलं.

‘‘काय छापलंय?’’

‘‘गाडग्यावर. पण मातीच्या गाडग्यावर कोण बसेल? फुटेल ना ते.’’

‘‘ते तिला विचार. छापलंय तसं लिही.’’

‘‘वाचणारे हसतील हो!’’

‘‘हसू देत. खाली तळटीप देऊ, ‘येथे गडग्यावर असे असावे.’ टीप ही आपली जागा, वर त्याची जागा. त्याच्या जागेत आपण पाय ठेवायचा नाही. आणि टीपसुद्धा कुठं, तर जिथं शेंबड्या पोराला चूक दिसते तिथंच.’’

अशी ती बिचारी आमच्या पुस्तकात आजही गाडग्यावर बसून रडते आहे.

आमच्या शोधमोहिमा रविवारच्या आणि सुटीच्या. सगळ्या जिल्ह्यात मोजणी केलेली असल्यामुळे मोजणीदारांना गावोगाव माणसं ओळखत, आणि ज्यांच्या बाजूने हद्द निघाली होती ती माणसं चहासुद्धा देत. एकदा पालीच्या एका बागायतदाराने गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला, ‘तुमच्या लेखकाची पेटी आमच्याकडे आहे, येऊन बघा.’ मोजणीदार त्या रात्री जेवले नाहीत. पेटी म्हणजे लेखकाची ट्रंक, ट्रंकेत मासिकं, हस्तलिखितं, काय काय! सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही पालीला. बागायतदाराने आम्हाला माजघरात नेलं, कोपऱ्यातल्या वस्तूवरची चादर ओढली. हार्मोनियम.

‘‘ही पेटी?’’ मोजणीदारांनी तिच्यामागे वाकून पाहिलं.

‘‘मग? मास्तर आमच्याकडं उतरायचे तेव्हा हीच वाजवायचे. सूर अजून लागतो बघा,’’ असं म्हणून तो भाता मारायला बसला आणि एकामागून एक अभंग म्हणू लागला. त्याचा आवाज बेताचा आणि उत्साह अफाट होता. निघताना त्याने मोजणीदारांना आंब्याची पेटी दिली. ‘‘ही घेऊन जावा. मोकळ्या हातानं कसं पाठवू?’’ परतीच्या गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन मोजणीदार बसले होते. मी हसू दाबत होतो. मध्येच तेच म्हणाले, ‘‘सातारकर, मराठी भाषेत एका वस्तूला एक शब्द असा कायदा पाहिजे.’’ पण घरी आल्यावर पेटीतल्या पेंढ्याखाली अंथरलेला कागद त्यांनी आधी वाचून काढला, मग आंब्यांना हात लावला.

पुस्तकाची प्रस्तावना त्यांनी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती, गोष्टी निम्म्यासुद्धा मिळाल्या नव्हत्या तेव्हाच. घोडं नाही तोवर खोगीर, असं काकू म्हणत. ती प्रस्तावना ते येईल त्याला वाचून दाखवायचे आणि शेवटच्या वाक्याशी आले की उभे राहायचे. ‘‘‘या संग्रहातील एकही अक्षर संपादकाने बदललेले नाही.’ काय, कसं वाटतं?’’ ते वाक्य त्यांना पोटच्या पोरासारखं होतं. बाकीची प्रस्तावना त्या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी लिहिलेली होती.

एक गोष्ट मात्र मिळत नव्हती. मासिकाच्या वार्षिक सूचीत तिचं नाव होतं, ‘तर’. कोणत्या तरी ग्रंथपालाने ते नाव अर्धवट आहे असं समजून पुढे तीन टिंबं दिली होती. ‘‘अरे, तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी! हा पुण्याचा शहाणा समजला, ‘तर मग काय झालं?’’’ मोजणीदार भडकायचे. पण तीन टिंबांच्या पुढे खरोखरच काही नव्हतं. शेवटी दाभोळातल्या एका बंद पडलेल्या वाचनालयाचं कपाट उघडायची परवानगी मिळाली. वाळवीने खंडाचा मागचा निम्मा भाग खाल्ला होता. पण ‘तर’ होती, पूर्ण होती. त्यापुढचा अंक मात्र वाळवीच्या पोटात गेला होता. आणि तो इतर कुठेही नाही, हे आम्हाला तोपर्यंत पुरतं ठाऊक झालं होतं.

ती गोष्ट मी धक्क्यावर बसून उतरवली. द्वारकी नावाची खाडीपलीकडची मुलगी. तिला मुंबईला इस्पितळात जाऊन नर्सचं काम शिकायचं आहे. वडिलांनी लग्न ठरवलं आहे ते बिजवराशी. ती गाठोडं घेऊन एकटी तरीपाशी येते. तरीतून खाडी ओलांडली की पलीकडे दाभोळला आगबोट लागायची. भरती यायची आहे, होडी अजून सुटलेली नाही. ती वाट बघत बसते. आई आठवते, म्हातारे वडील आठवतात. गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं, ‘आणि दिवे लागायच्या आत द्वारकी घरी परतली.’

मोजणीदारांनी ती गोष्ट ओटीवर मोठ्याने वाचली आणि शेवटच्या वाक्याला चष्मा काढून पुसला. ‘‘बघ, एक शब्द जास्त नाही. ‘परतली’. संपलं. ही गोष्ट पुस्तकाच्या शेवटी घालायची.’’ काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तशाच आत गेल्या.

गावातल्याच एका छापखान्याने काम घ्यायचं कबूल केलं. पण वारसाला विचारल्याशिवाय मोजणी नाही, हा मोजणीदारांचा दुसरा नियम. लेखकाची धाकटी बहीण पावसला होती. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पुतण्याच्या आंब्यांच्या बागेत राहणारी. सगळे त्यांना माई म्हणत. आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात कोकमं सुकत घालत होत्या. भावाचं पुस्तक निघतंय म्हटल्यावर हात पुसून पुढे आल्या.

‘‘बसा हो मोजणीदार. दादाला विचारणारं कोणी उरलंय म्हणजे नवलच की.’’

मोजणीदार एकेका गोष्टीचं नाव वाचत गेले. त्या मान डोलवत होत्या. मध्येच म्हणत, ‘‘ही आमच्या शेजारणीची,’’ ‘‘ही खरी घडलेली हो.’’ शेवटी मोजणीदार मोठ्या दिमाखात म्हणाले, ‘‘आणि ‘तर’!’’

‘‘ती नको.’’

‘‘काय नको?’’

‘‘ती गोष्ट नको. बाकीच्या छापा, मी सही देते.’’

‘‘माई, अहो, ती सगळ्यांत चांगली...’’

‘‘चांगली आहे, ठाऊक आहे मला. तेव्हा गावातल्या बायकांना वाचून दाखवायचे ती. बघा, द्वारकी कशी शहाणी, आपण होऊन माघारी आली.’’ माईंनी एक कोकम उलटं केलं. ‘‘ती द्वारकी म्हणजे मी.’’

मोजणीदारांनी हातातली यादी खाली ठेवली.

‘‘मी परतले नव्हते हो. मला परतवलीन. वडिलांनी दादाला पाठवलानी आणि तो धावत आला. माझा एक पाय तरीत होता. दंडाला धरून ओढत नेलीन, बाजार बघत होता सगळा. गुरं परतवतात ना, तशी. दिवे लागायच्या आत घरी आले एवढं मात्र खरं लिहिलंन. पुढं माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. गोष्ट लिहिलीन. आणि गोष्टीत मी आपणहून आले.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘हे वाईट नव्हते, संसार झाला माझा. पण ते ‘परतली’ मी इतकी वर्षं गिळते आहे. आता पुस्तकात नको.’’

परतीच्या गाडीत भाट्याच्या पुलापर्यंत मोजणीदार यादी उघडून पुन्हा घडी घालत होते. मग मीच म्हटलं, ‘‘काका, एक ‘व’ घातला की झालं. ‘परतली’चं ‘परतवली’. वाक्यसुद्धा मोडत नाही.’’

ते असे वळले की पुढच्या बाकावरचा माणूस दचकला. ‘‘तू बँकेत मनाला वाटलं म्हणून आकड्यापुढं शून्य घालतोस? त्याने ‘परतली’ लिहिलंय. खोटं लिहिलं असेल, पण त्याने लिहिलंय. जमीन कुणाची असायला हवी होती हे मोजणीदार ठरवत नसतो, सातारकर. ती कुठपर्यंत आहे एवढंच दाखवतो.’’

‘‘मग टीप द्या.’’

‘‘कशाच्या आधारावर? गाडग्यावर कोण बसत नाही हे जगाला ठाऊक आहे. मुलगी घरी परतली यात चूक काय दिसते?’’

‘‘मग गोष्ट वगळा.’’

‘‘पेटीतला आंबा काढून नुसता पेंढा पाठवू?’’

पुढचे काही दिवस घरात बोलायची सोय नव्हती. छापखान्यातून निरोप येत होते, शेवटची गोष्ट कधी देता? मोजणीदार अंगणात या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत पावलं टाकत. एका सकाळी जेवणाच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पुन्हा तेच दळण दळू लागले. मूळ मजकूर, लेखकाचा हक्क, संपादकाची मर्यादा. काकू चुलीवर कांदा परतत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

‘‘हा कांदा बघा. हा आपणहून परतत नाही. मी परतते म्हणून परततो.’’

‘‘इथे व्याकरणाचा प्रश्न नाही...’’

‘‘नाहीच आहे. लग्नानंतर मी माहेरून किती वेळा परतले आणि किती वेळा परतवली गेले, विचारलंत कधी? तुमच्या लेखी दोन्ही सारखंच. बाई घरी आली, संपलं. त्या मिशीवाल्यालाही तेवढंच दिसलं.’’

 मी ओटीवर पेपर उभा धरून बसलो होतो, तो आणखी वर घेतला. त्या दिवशी मोजणीदार दोनदा ताक मागून घेऊन जेवले आणि एकदाही लेखकाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, ‘तर’ गेली.

पुढच्या रविवारी ‘‘सातारकर, चला,’’ झालं. पुन्हा पावस. माई ओटीवर होत्या. मोजणीदार बसले, पाणी प्याले, टोपी काढली, पुन्हा घातली.

‘‘माई, एक सांगायचं राहिलं होतं. ते ‘परतली’ ही छपाईतली चूक आहे.’’

‘‘चूक?’’

‘‘मास्तरांनी लिहिलं होतं ‘परतवली’. जुळवणाऱ्याने ‘व’ खाल्ला. पुढच्या अंकात मास्तरांनी शुद्धिपत्र छापून घेतलं होतं. ‘परतली याऐवजी परतवली असे वाचावे.’ अंकाच्या शेवटच्या पानावर, खाली, बारीक टायपात.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पुढच्या अंकाचं वाळवीने काय केलं होतं ते दाभोळात आम्ही दोघांनी मिळून पाहिलं होतं.

‘‘तुम्ही बघितलंत?’’ माईंनी विचारलं.

‘‘बघितलं.’’

‘‘दादानं छापून घेतलंन?’’

‘‘त्यांनीच.’’

माईंनी मोजणीदारांकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘कुठं सही करू?’’

गाडीत मोजणीदार खिडकीशी बसले. मी काही विचारणार नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, ‘‘तू फक्त लेखनिक आहेस.’’ मी हो म्हटलं. माझ्या वळणदार अक्षरात मी त्याच संध्याकाळी तो ‘व’ घातला. ते शेजारी उभे होते. टाक ‘त’पाशी पोचला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

छापखान्यातून प्रस्तावनेचं तपासायचं मुद्रित आलं तेव्हा त्यांनी लाल पेन्सिल मागितली. शेवटच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली, पट्टी लावून, नकाशावर मारतात तशी. मी वाकून पाहिलं. ‘या संग्रहातील एकही अक्षर...’

‘‘काका, हे वाक्य?’’

‘‘जरा गर्विष्ठ वाटतं,’’ ते म्हणाले आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. नियमाला घट्ट चिकटलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि बँकेत तर जास्तच पाहिली. पण नियम मोडायचा ठरल्यावर त्यावरची फुशारकीही आपल्या हाताने पुसून टाकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. त्या क्षणी मला ते फार मोठे वाटले, आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी मला पुन्हा शुद्धलेखन घातलं असतं.

पुस्तक निघालं. समारंभ वगैरे काही झाला नाही. काकूंनी एक प्रत फोटोपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘झालं हो तुमचं, आता आमच्या यांना मोकळं करा.’’ वाण्याने एक प्रत विकत घेतली. इतकी वर्षं मनगट धरू दिलेल्या त्या माणसाला खरं तर ती फुकट मिळायला हवी होती. माईंची प्रत द्यायला आम्ही दोघे पावसला गेलो, पण अंगणात पोचताच मोजणीदारांना शेजाऱ्याचा गडगा आत सरकल्यासारखा दिसला. ‘‘तू हो पुढे, मी एवढा बघून येतो.’’

माईंची नजर अधू झाली होती. म्हणाल्या, ‘‘तीच वाच.’’ मी वाचली. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटचं वाक्य आलं, ‘आणि दिवे लागायच्या आत द्वारकी घरी परतवली.’

‘‘पुन्हा वाच.’’

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, ते पान बोटाने चाचपलं.

‘‘शुद्धिपत्र बित्र काही नव्हतं. होय ना रे?’’

 मी खाली बघितलं.

‘‘दादाने जन्मात चूक कबूल केली नाही. छापून घेतोय कुठला! आणि तुझ्या मोजणीदाराचे कान कसे लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला.’’ त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ‘‘त्याला सांगू नको हो, मला कळलं म्हणून. दादाने नाही तर नाही. कोणीतरी केलीन दुरुस्त.’’

मी बाहेर आलो. मोजणीदार गडग्यापाशी पाठमोरे उभे होते. मोजणी कसली, हात मागे बांधून नुसते उभे होते. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

‘‘वाचलीस?’’

‘‘वाचली. शेवट दोनदा वाचायला लावला.’’

‘‘वारा आहे आज,’’ ते म्हणाले. ‘‘‘व’ नीट ऐकू गेला ना त्यांना?’’